लॉनमधलं तण पाण्यावर पोसतं

मंडळी, गावोगावची घरं आता बदलली. मातीच्या भिंती गेल्या, स्लॅब आला, आणि सारवलेल्या अंगणाच्या जागी बऱ्याच घरांसमोर लॉन आलं. ते चांगलंच आहे. मे महिन्यात आपल्याकडं विदर्भात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दारातला हिरवा तुकडा किती गारवा देतो ते तुम्ही अनुभवता. पण पहिल्याच उन्हाळ्यात त्यात तण माजतं आणि लोक विचारतात, "कोणतं औषध मारू?" मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एप्रिल-मेमध्ये वावर उघडं-बोडकं पडलेलं असतं, धुऱ्यावरचं गवतही वाळून जातं. मग तुमच्या लॉनमध्येच तण कसं उगवतं?

पाण्यामुळं. आपण रोज संध्याकाळी नळी धरतो, वरची दोन बोटं माती ओली होते आणि दुपारपर्यंत सुकते. तणाचं बारीक बी नेमकं त्याच थरात असतं. घोळ, दुधी, गाजरगवत या तणांना रोजचा शिडकावा म्हणजे आयतं पोषण. लॉनमधल्या हरळीच्या गवताला त्याची गरजच नाही. ती आपल्या उन्हातली आहे. पाणी तुटलं तर पिवळी पडते, दबून राहते आणि मृगाचा पाऊस आला की पुन्हा फुटते. म्हणून रोज थोडं देण्याऐवजी चार-पाच दिवसांनी एकदाच, पहाटे, वीतभर माती भिजेल इतकं पाणी द्या. काळी माती ओल धरून ठेवते. मधल्या दिवसांत गवत जरा मलूल दिसलं तरी घाबरू नका.

दुसरी गोष्ट कापणीची. उन्हाळ्यात गवत अगदी जमिनीलगत कापू नका. चार-पाच सेंटिमीटर राहू द्या. माती झाकलेली राहिली की बियांना ऊन मिळत नाही आणि बरंचसं तण उगवतच नाही. शेणखत टाकायचं तर पूर्ण कुजलेलंच टाका. कच्च्या शेणातून जनावरांनी खाल्लेल्या गवताचं बी लॉनमध्ये येतं.

आता निंदण. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी माती मऊ असते, तेव्हा खुरपं घेऊन बसा. घोळ उपटून तिथंच टाकली तर ओल्या मातीत पुन्हा मूळ धरते, म्हणून ती टोपलीत घाला. औषध मारलेलं नसेल तर तिची भाजी करा, तांदुळजाचीही करा. सराट्याला काटे धरायच्या आत काढा, लेकरं तिथं अनवाणी खेळतात. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालूनच उपटा. त्यानं अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं.

लव्हाळ्यापाशी मात्र थांबावं लागेल, कारण सगळ्यांत जास्त मेहनत त्याच्यावर वाया जाते. तो वरून उपटला की पात हातात येते आणि गाठी खाली राहतात. या गाठी धाग्यानं एकमेकींना जोडलेल्या असतात. वरची गाठ जिवंत असेपर्यंत खालच्या बऱ्याचशा झोपलेल्या असतात. ती साखळी तुटली की त्याही फुटतात. त्यामुळं अर्धवट उपटण्यानं लव्हाळा कमी न होता वाढतो. तुमच्या वडीलधाऱ्यांनी वावरात यावर उन्हाळवाहीचा उपाय केला आहे. नांगरून गाठी वर काढायच्या आणि उन्हात वाळू द्यायच्या. लॉनमध्ये लव्हाळ्याचा ठिगळाएवढा भाग असेल तर तेच करा. टिकाशीनं वीत-दीड वीत खणा, गाठी वेचा, माती पसरा, आणि आठ-पंधरा दिवस तिथं थेंबभर पाणी घालू नका. त्यातली माती दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका. नर्सरीतून गवताचे तुकडे आणतानाही मुळाशी काळ्या गाठी आहेत का ते बघून घ्या.

नवं लॉन लावायचं असेल तर यंदाच्या मे महिन्याचा फायदा घ्या. जागा सपाट करून भरपूर भिजवा, वर पारदर्शक पातळ प्लास्टिक अंथरून कडा मातीत दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. नवतपाच्या उन्हात वरच्या थरातलं बरंच बी मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी यातूनही वाचतात, त्या आधीच खणून काढा. लावलेल्या लॉनवर हे कधीच करू नका, गवतही जाईल.

फवारणीबद्दल मी स्पष्ट बोलतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक माणसं गेली. ती कीटकनाशकं होती आणि वावरातली होती, पण घराच्या उंबऱ्यापाशी विष आणताना ते विसरू नये. ग्लायफोसेट हे तणनाशक हरळीलाही मारतं, शिवाय केंद्र सरकारनं २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. २,४-डी हे दुसरं तणनाशक रुंद पानांचं तण मारतं आणि गवताला सहसा सोडतं, पण कपाशीला ते अजिबात सोसत नाही. वाऱ्यावरचा थोडासा तुषार कुंपणापलीकडच्या पऱ्हाटीवर गेला तरी पानं आखडून बोटांसारखी होतात आणि पात्या गळतात. ते नुकसान शेजाऱ्याचं असतं. त्या पंपात उरलेला अंशही तेच करतो, म्हणून २,४-डी साठी वापरलेला पंप कपाशीवर कधीच नेऊ नका.