घरं सोबत घेऊन निघालेली माणसं

हे रोंगेलॅप. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी एक कंकणद्वीप, म्हणजे मधल्या खाजणाभोवती कड्यासारखं पसरलेलं प्रवाळबेट. मे १९८५. माणसं आपल्याच घरांचे पत्रे उतरवतायत, फळ्या सोडवतायत, बोचकी बांधतायत. झाडांना नारळ आहेत, खाजणात मासे आहेत. पण त्या नारळांत आणि माशांत काय भिनलंय, हे आता त्यांना कळून चुकलंय.

१ मार्च १९५४. अमेरिकेने इथून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. १५ मेगाटन. हिरोशिमाच्या बॉम्बच्या जवळपास हजारपट. प्रवाळाचा भुगा आभाळात उडाला आणि काही तासांनी रोंगेलॅपवर पांढऱ्या राखेसारखा पडत राहिला. पोरं त्या राखेत खेळली. मग उलट्या सुरू झाल्या, अंगाची आग होऊ लागली, पुढे केस गळाले. लोकांना तिथून हलवायला दोन दिवस उलटले.

१९५७ मध्ये ‘आता धोका नाही’ असं सांगून त्यांना परत आणून सोडलं. त्यानंतर दरवर्षी अमेरिकी डॉक्टर यायचे, रक्त तपासायचे, नोंदी करायचे. किरणोत्सारी बेटावर राहणाऱ्या या माणसांकडून मोलाची माहिती मिळेल, असं त्यांच्याच अहवालात छापलेलं आहे. ते वाचताना आजही संताप येतो. स्फोटाच्या वेळी दहा वर्षांखालच्या असलेल्या बहुतेक मुलांच्या थायरॉईडमध्ये पुढे गाठी निघाल्या.

तीच राख एका जपानी मासेमारी बोटीवरही पडली होती. बोटीवरचे २३ जण आजारी पडले, एक दगावला. तेव्हा टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणी सह्या गोळा करायला घरोघर फिरल्या. जपानभर तीन कोटींहून जास्त सह्या झाल्या. बॉम्बविरोधी चळवळ तिथे सुरू झाली ती ताटातल्या माशाच्या काळजीतून.

रोंगेलॅपचे लोकप्रतिनिधी जेटन अंजाइन यांनी बेट सोडण्यासाठी सरकारदरबारी मदत मागितली. मिळाली नाही. मग त्यांनी ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेला साद घातली आणि तिचं ‘रेनबो वॉरियर’ जहाज आलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांसह तीनशेहून जास्त माणसं, त्यांचं सामान, मोडलेल्या घरांचं लाकूड, सगळं काही फेऱ्यांत मेजाटो या दुसऱ्या बेटावर पोचवलं. अणुचाचण्यांविरुद्ध लढणारे कार्यकर्ते दिवसचे दिवस लोकांची ओझी वाहत होते. याला युद्धविरोध म्हणायचं, पर्यावरणाचं काम म्हणायचं की मदतकार्य? त्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कुणालाही हा प्रश्न पडला नसता.

पुढे हे जहाज प्रशांत महासागरातल्याच मोरुरोआ बेटाकडे, फ्रान्सच्या अणुचाचण्यांच्या निषेधासाठी जाणार होतं. १० जुलै १९८५ च्या रात्री फ्रेंच गुप्तहेरांनी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड बंदरात सुरुंग लावून ते बुडवलं. छायाचित्रकार फर्नांडो परेरा त्यात मारले गेले. रोंगेलॅपच्या स्थलांतराची जी छायाचित्रं जगाने पाहिली, त्यांतली कितीतरी त्यांनी टिपलेली आहेत.

रोंगेलॅपकरांचे हाल संपले नाहीत. मेजाटोवर जमीन कमी, अन्नाचे वांधे. २००७ मध्ये अणुदावे न्यायाधिकरणाने (चाचण्यांच्या नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या) त्यांना एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. पण अमेरिकेने दिलेला निधी तोवर जवळपास आटला होता.

२०१७ च्या अण्वस्त्रबंदी कराराच्या सहाव्या कलमात मात्र दोन गोष्टी एकत्र आल्या: चाचणीग्रस्तांना मदत आणि दूषित जमिनीची सफाई. त्या करारावर अण्वस्त्रधारी देशांपैकी एकाचीही सही नाही.