उसना आवाज, उसना चेहरा

मंडळी, लघुपट म्हणजे पुढच्या मोठ्या चित्रपटाची रंगीत तालीम, हा समज आज जरा बाजूला ठेवू. आता आपण बघणार आहोत तो अमेरिकी दिग्दर्शिका ज्यूली डॅशचा ‘इल्युजन्स’ १९८२ चा, कृष्णधवल, ३४ मिनिटांचा. आणखी तासभर ताणला असता तर पातळ झाला असता, असं माझं मत.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसचा वॉट्स हा कृष्णवर्णीय वस्तीचा भाग दंगलीत पेटला. त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट विभागात कृष्णवर्णीय विद्यार्थी येऊ लागले. चार्ल्स बर्नेट, हैले गेरिमा, बार्बरा मॅकलॉ, डॅश ही त्यातली नावं. हॉलिवूड हाकेच्या अंतरावर, पण त्याचं दार यांना जवळजवळ बंदच. मग नट कोण? बहुतेकदा मित्र आणि शेजारीपाजारी. मॅकलॉने १९७९ चा आपला छोटा लघुपट महामार्गासाठी घरं पाडून मोकळ्या केलेल्या जागेत चित्रित केला. सेट उभारायला पैसे लागतात. पडझड फुकट मिळते!

आता ‘इल्युजन्स’. काळ १९४२, युद्धाचा. मिन्यॉन एका स्टुडिओत मोठ्या हुद्द्यावर आहे. ती कृष्णवर्णीय आहे हे तिथे कुणाच्या गावीही नाही. एका संगीतपटात गोऱ्या नटीचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. ते निस्तरायला एस्थर नावाच्या कृष्णवर्णीय गायिकेला बोलावतात. एरवी गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि नटी त्यावर ओठ हलवते. इथे सगळं उलटं. पडद्यावरच्या गोऱ्या ओठांकडे बघत एस्थरने गायचं, त्या नटीने जिथे श्वास घेतला तिथे हिनेही घ्यायचा. आपण पार्श्वगायनावर पोसलेली माणसं, आपल्याला यात वावगं वाटणार नाही. पण आपल्याकडेही १९४९ च्या ‘महल’च्या तबकडीवर लताबाईंच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचंच नाव छापलं होतं, हे विसरू नका.

खरी मेख पुढे आहे. एस्थरचं काम करणारी रोझॅन केटन स्वतः गात नाही. ऐकू येतो तो प्रसिद्ध कृष्णवर्णीय जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचा आवाज. म्हणजे उसन्या आवाजाची फसवणूक दाखवणारा प्रसंगही उसन्या आवाजावरच उभा आहे. काही समीक्षकांना ही विसंगती खटकते. मला वाटतं, डॅशने ती जाणूनबुजून ठेवली असावी. शीर्षक उगाच नाही.

२०२० मध्ये हा लघुपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, गेला. चांगलं झालं, जरा उशिरा झालं. बरं, मागचे दिवे घालवा. ध्वनिमुद्रणाच्या प्रसंगात काचेवरच्या प्रतिबिंबांकडे लक्ष ठेवा, कोण कुणाकडे बघतंय ते तिथे कळतं. बाकी चर्चा चहानंतर.