३७ हजार, पण कधी?

[दृश्य: परळ, सकाळ. केईएम रुग्णालयाच्या दाराशी केसपेपरची रांग. मागे बहुमजली इमारत.]

परळच्या या पट्ट्यात चालत फिरलात तरी केईएम लागतं, टाटा मेमोरियल लागतं, हाफकिन लागतं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, प्रजनन आणि बालआरोग्य संशोधन संस्था इथलीच. केईएमच्या आवारातल्या या इमारतीत तेराव्या मजल्यावर रक्तविकारांवर काम करणारी आणखी एक राष्ट्रीय संस्था आहे. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ जगाला कळला तो १९५२ मध्ये, याच रुग्णालयातल्या डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे.

या इमारतींमध्ये रोज दोन प्रकारची तरुण मंडळी शिरतात. अंगात दोघांच्याही पांढरा कोट. एक निवासी डॉक्टर, दुसरे पीएच.डी. करणारे संशोधक विद्यार्थी. निवासी डॉक्टरांच्या मार्ड या संघटनेने संप पुकारला की ओपीडी अडते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. संशोधक विद्यार्थ्याने काम थांबवलं तर इनक्युबेटरमधल्या त्याच्याच पेशी मरतात आणि त्याचेच तीन महिने वाया जातात. बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही.

ही फिल्म या दुसऱ्या पांढऱ्या कोटाची, आणि त्याला दरमहा मिळायच्या फेलोशिपची आहे.

[पडद्यावर: जेआरएफ, दरमहा. २०१०: १६,००० रुपये. २०१४: २५,०००. २०१९: ३१,०००. २०२३: ३७,०००.]

जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलो. नेटसारखी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा द्यायची, वरच्या क्रमांकात यायचं, मग ही फेलोशिप मिळते. आयसीएमआरनेही जैववैद्यकीय विषयांसाठी अशी परीक्षा घेतली आहे. दोन वर्षांनी कामाचं मूल्यमापन होतं आणि जेआरएफचा एसआरएफ, म्हणजे सीनियर रिसर्च फेलो, होतो. २०२३ च्या दरानुसार त्याला ४२ हजार. शिवाय घरभाडे भत्ता, हॉस्टेल मिळालं नसेल तर. महागाई भत्ता नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. कारण हा नोकर नव्हे, विद्यार्थी. सकाळी नऊला हजेरी मात्र नोकरासारखी.

पडद्यावरचे आकडे चढते आहेत, हे खरं. पण दोन आकड्यांच्या मधल्या वर्षांकडेही बघा. २०१४ ते २०१९ या काळात एक रुपयाही वाढला नाही. जानेवारी २०१९ मध्ये देशभरातले विद्यार्थी दिल्लीत मंत्रालयावर धडकले, ८० टक्के वाढ मागितली. पदरात पडली २४ टक्के. त्याच वेळी सरकारने सांगितलं की फेलोशिपच्या दरांचा वेळोवेळी विचार करायला आंतर-मंत्रालयीन समिती असेल. पुढची वाढ आली ती जून २०२३ मध्ये, जानेवारीपासून लागू. सुमारे १९ टक्के.

आता याच काळात केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता कसा चालला, ते पाहू. जानेवारी २०१९ ला १२ टक्के होता, जानेवारी २०२३ ला ४२ टक्के झाला. मधली दीड वर्षं कोविडमुळे गोठवला होता, तरीही. म्हणजे मूळ पगार आणि भत्ता मिळून जवळपास २७ टक्क्यांची वाढ, आणि ती कोणी रस्त्यावर न उतरता, दर सहामाहीला हिशेब होऊन. त्याच प्रमाणात ३१ हजारांची फेलोशिप वाढली असती तर जानेवारी २०२३ मध्ये ती ३९ हजार ३०० च्या आसपास असती. सुमारे २,३०० रुपयांचा फरक आहे, फार मोठा नाही. खरा तोटा वेगळाच आहे. ही वाढ थोडी थोडी करून चार वर्षं हातात आली असती. २०१९ मध्ये जॉइन झालेल्याला ती मिळाली तेव्हा त्याची पाचवी फी भरायची वेळ आली होती.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. कॅनडात केंद्र सरकारची मास्टर्सची शिष्यवृत्ती दोन दशकं साडेसतरा हजार डॉलरवर अडली होती. १ मे २०२३ ला तिथले संशोधक विद्यार्थी प्रयोगशाळा सोडून बाहेर पडले, तेव्हा कुठे २०२४ च्या अर्थसंकल्पात ती २७ हजारांवर गेली.

[दृश्य: प्रयोगशाळा. एक विद्यार्थिनी पिपेटने नमुने भरते आहे. भिंतीवर सेंट्रिफ्यूजच्या वेळांचा तक्ता.]

वैद्यकीय संशोधनात घड्याळ वेगळं चालतं. रुग्णाच्या रक्ताचा एक थेंब घ्यायचा तरी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. उंदरांवर काम असेल तर प्राण्यांची समिती वेगळी. समितीची बैठक दर आठवड्याला होत नसते. एक शंका निघाली की फाइल पुढच्या बैठकीला. मंजुरी आल्यावर रुग्ण मिळायला हवेत. आजार दुर्मीळ असेल तर वर्षभर वाट बघायची. ऑर्डर केलेलं रसायन बाहेरच्या देशातून येतं, आणि ते येईपर्यंत गोळा केलेले नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. या सगळ्यात फेलोशिपचं मीटर पहिल्या दिवसापासून पडत असतं. जेआरएफ, एसआरएफ मिळून पाच वर्षं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला सहा वर्षं लागू शकतात, वर दोन वर्षांची मुदतवाढही मागता येते. नियमालाच ठाऊक आहे की पाचात भागत नाही. सहाव्या वर्षी खायचं काय, हे त्या नियमात नाही.

फेलोशिपबरोबर वरखर्चाला अनुदान असतं. सीएसआयआरचं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचं, वर्षाला २० हजार. चांगल्या प्रतीच्या अँटिबॉडीची एक कुपी अनेकदा याहून महाग पडते. ही रक्कम प्रवास, छपाई, पुस्तकं आणि रसायनं, सगळ्यांसाठी आहे.

[दृश्य: कार्यालयाचा कॉरिडॉर. खिडकीबाहेर फॉर्म घेऊन उभे विद्यार्थी.]

आणि पैसे येतात कसे? संशोधकाने महिन्याची हजेरी द्यायची, गाइडने सही करायची, विद्यापीठाने पोर्टलवर ती पक्की करायची. तारीख हुकली की पुढच्या महिन्यात. काही योजनांत पैसा आधी संस्थेकडे येतो. तिथे युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचा पैसा खर्च झाल्याचा दाखला, अडकलं की पुढचा हप्ता अडकतो. चार महिने काही नाही, मग एकदम थकबाकी. घरमालक थकबाकी घेत नाही, मेसवालाही नाही. घरी थोडी ऐपत असलेला तेवढे दिवस ढकलतो, नसलेला शिकवण्या घेतो. माझं मत विचाराल तर रकमेपेक्षा तारीख महत्त्वाची. १ तारखेला हमखास येणारे ३३ हजार हे कधीतरी येणाऱ्या ३७ हजारांपेक्षा जास्त आहेत.

आतापर्यंत बोललो ते नेट-जेआरएफ झालेल्यांबद्दल. बाकीच्यांचं काय?

केंद्रीय विद्यापीठांत ज्यांना जेआरएफ नाही, त्यांना यूजीसीची ‘नॉन-नेट’ फेलोशिप आहे, दरमहा ८ हजार. २०१५ मध्ये ती बंद करायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थी दिल्लीत यूजीसीच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडून बसले. फेलोशिप वाचली. आकडा मात्र २०२३ च्या वाढीतही ८ हजारच राहिला. पण महाराष्ट्रात केंद्रीय विद्यापीठ एकच, वर्ध्याचं, आणि ते हिंदीचं. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्याचं. तिथे किंवा मुंबई-पुण्याच्या विद्यापीठात नेटशिवाय पीएच.डी. करणाऱ्याला ते ८ हजारही नाहीत.

राज्याने यातली काही जागा भरली, हे मान्य करायला हवं. बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपमुळे कितीतरी घरांतली पहिली पीएच.डी. सुरू झाली. पण त्यांच्यासाठीही आझाद मैदान चुकलं नाही. फेलोशिप नोंदणीच्या तारखेपासून द्या, सरसकट द्या, या मागण्यांसाठी उपोषणं झाली. डिसेंबर २०२३ मध्ये पात्रता परीक्षा घेतली, तर तिची प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट या राज्याच्या परीक्षेचीच निघाली, असा गदारोळ झाला. त्याच महिन्यात विधान परिषदेत राज्याचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीच विचारलं होतं, पीएच.डी. करून काय दिवा लावणार?

कोविडच्या काळात पुण्यातल्या संशोधन संस्थांनी आपल्या प्रयोगशाळा चाचण्यांसाठी खुल्या केल्या. तिथे नळ्या भरायला उभे राहिलेल्यांत हे विद्यार्थी होते. त्यांच्या पीएच.डी.ची कामं तोवर बंद पडली होती.

[पडद्यावर: जानेवारी २०२३, महागाई भत्ता ४२ टक्के. जानेवारी २०२५, ५५ टक्के.]

मागणी तशी साधी आहे. महागाई भत्त्याशी फेलोशिप जोडा. या हिशेबाने जानेवारी २०२५ मध्येच जेआरएफ ४० हजार ४०० च्या घरात गेली असती. समिती नको, मोर्चा नको, ट्विटरवर हॅशटॅग नको.

जी मुलगी जानेवारी २०२३ मध्ये ३७ हजारांवर जॉइन झाली, तिची पाच वर्षं डिसेंबर २०२७ ला संपतात. २०२३ च्या आदेशात नवे दर आहेत, ते लागू होण्याची तारीख आहे. पुढची वाढ कधी, याची तारीख नाही.