कायद्याबाहेरचा पाहुणा : ‘द सेंट इन न्यूयॉर्क’

[दृश्य : रात्रीची ओली सडक, मोटारींचे दिवे. कृष्णधवल स्थिरचित्रे.]

एका इमारतीत ननच्या पायघोळ काळ्या वेशातील एक व्यक्ती शांतपणे उभी आहे. न्यायालयातून नुकताच सुटलेला एक गुंड पोलीस इन्स्पेक्टरवर पिस्तूल रोखतो. त्याने चाप ओढण्यापूर्वीच त्या काळ्या झग्यातून गोळी सुटते आणि गुंड कोसळतो. झग्याच्या आत आहे सायमन टेम्पलर. ‘एस. टी.’ (इंग्रजीत ‘सेंट’चे लघुरूप) या आपल्या आद्याक्षरांवरून ‘सेंट’, म्हणजे संत, हे नाव मिरवणारा, सुरेख कपड्यांचा, हसतमुख आणि कोणाचेही ऐकून न घेणारा गृहस्थ. धर्माचा वेश, पिस्तुलाचा आवाज आणि त्यामागचा मिश्कील चेहरा या तीन गोष्टी दिग्दर्शक बेन होम्स यांनी एकाच प्रसंगात गुंफल्या आणि पुढच्या संपूर्ण चित्रपटाचा सूर तिथेच लावला.

आरकेओ या अमेरिकी चित्रसंस्थेचा हा जेमतेम ७० मिनिटांचा, लहान खर्चाचा चित्रपट १९३८ साली प्रदर्शित झाला. लेस्ली चार्टरिस यांच्या १९३५ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. टेम्पलरची भूमिका लुई हेवर्ड यांनी केली, तर इन्स्पेक्टर फर्नॅक झाले जोनाथन हेल. कथा तशी सरळ आहे. न्यूयॉर्कमध्ये टोळ्यांनी थैमान घातले आहे, पोलीस पकडतात आणि न्यायालये सोडून देतात. तेव्हा शहरातील प्रतिष्ठित नागरिकांची समिती टेम्पलरला बोलावणे धाडते आणि विल्यम व्हॅलक्रॉस नावाचे एक वजनदार गृहस्थ त्याच्या हाती गुन्हेगारांची यादी ठेवतात.

अशी समिती त्या काळच्या प्रेक्षकाला अशक्य का वाटली नसावी, हे समजण्यासाठी न्यूयॉर्कची त्या दशकातील स्थिती आठवली पाहिजे. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, आणि चोरट्या दारूच्या व्यापारावर पोसलेल्या टोळ्या बंदी उठल्यावरही विरून गेल्या नाहीत. खंडणी, जुगार, कामगार संघटनांवरील दहशत अशा नव्या मार्गांनी त्यांनी आपला पैसा चालूच ठेवला. १९३५ मध्ये टॉमस ड्यूई यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली आणि १९३६ मध्ये लकी लुसियानो या बड्या म्होरक्याला ३० ते ५० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. म्हणजे कायदा काहीच करू शकत नाही, हे चित्रपटाचे गृहीतक प्रत्यक्षात दोन वर्षे आधीच खोटे ठरले होते, आणि तेही पुरावे आणि साक्षीदार यांच्या संथ, कष्टाच्या वाटेने. या वाटेत नाट्य कमी असते, आणि पडद्यावर पिस्तूल नेहमीच साक्षीदाराच्या जबानीपेक्षा अधिक वेगाने पुढे जाते.

[दृश्य : सेन्सॉर-प्रमाणपत्राची जुनी पाटी, त्यानंतर हेवर्ड यांचा निकट चेहरा.]

मात्र खरे नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये निर्मिती-संहिता कडकपणे लागू झाली होती. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटू देऊ नये, कायद्याची टवाळी करू नये, असे तिचे बजावणे होते. ‘लिटल सीझर’, ‘द पब्लिक एनिमी’ आणि ‘स्कारफेस’ या १९३१-३२ मधील टोळीपटांनी जी धास्ती निर्माण केली होती, तिचाही या कडकपणात वाटा होता. अशा वातावरणात एक माणूस एकामागून एक खून करतो, पोलिसांशी मैत्रीने बोलतो आणि शेवटी मोकळा निघून जातो, हे घडले कसे? माझ्या मते याचे उत्तर कथेच्या मांडणीत आहे. टेम्पलरला शहरानेच बोलावले आहे, त्याच्या गोळ्या बहुधा कोणाचा तरी जीव वाचवताना सुटतात, आणि पळवून नेलेल्या एका लहान मुलीची सुटका तो करतो तेव्हा त्याच्या हातून मेलेल्या माणसाचा विचार करण्याइतकी उसंत प्रेक्षकाला मिळतच नाही.

या मांडणीला हेवर्ड यांच्या अभिनयाने मोठा हातभार लावला आहे. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेल्या या नटाचा टेम्पलर गोड बोलतो. पण ते बोलणे ऐकताना अंगावर किंचित काटा येतो, कारण त्याच्या डोळ्यांत हसू क्वचितच उतरते. समोरच्याचा जीव घेण्यापूर्वीही त्याच्या आवाजाची पट्टी बदलत नाही. पुढे ही भूमिका जॉर्ज सँडर्स यांनी पाच चित्रपटांत केली आणि ती रुबाबदार केली यात शंका नाही, तरीही हेवर्ड यांच्या चेहऱ्यावरील हा गारठा मला अधिक प्रामाणिक वाटतो. माणसे मारणारा माणूस आहे, हे तो आपल्याला विसरू देत नाही.

या नायकाच्या जनकाचे आयुष्यही थोडे पाहिले पाहिजे. चार्टरिस यांचा जन्म १९०७ साली सिंगापूरमध्ये झाला. वडील चिनी आणि आई इंग्रज. सेंटची पहिली कादंबरी १९२८ साली आली आणि काही वर्षांतच लेखक अमेरिकेत गेला. तिथे चिनी वंशाच्या लोकांना वगळणारा कायदा त्याच्या आड आला. निम्मे रक्त चिनी असल्यामुळे त्याला कायम वास्तव्याचा हक्क मिळेना, आणि अखेर अमेरिकी काँग्रेसच्या विशेष मंजुरीने तो प्रश्न सुटला. न्यूयॉर्क शहर ज्याला हात जोडून बोलावते असा नायक ज्याने निर्माण केला, त्या लेखकाला त्याच देशात राहण्यासाठी परवानग्यांचे अर्ज करावे लागत होते. कायदा आणि न्याय या दोन गोष्टी एकच असतात, असे त्याच्या नायकाला कधीच का वाटत नाही, याचा एक धागा मला इथे दिसतो.

[दृश्य : बडोदे. सूरसागर, न्यायमंदिर, दांडिया बाजार.]

बडोद्यातील मराठी प्रेक्षकांसमोर हा चित्रपट ठेवताना दोन गोष्टी साहजिकच मनात येतात. दादासाहेब फाळके यांनी चित्रकला आणि छायाचित्रण यांचे धडे याच शहराच्या कलाभवनात गिरवले. तेव्हा पडद्यावरील प्रकाश आणि अंधार यांची भाषा इथे परकी नाही. दुसरी गोष्ट वाचनालयांची. सयाजीराव महाराजांनी उभ्या केलेल्या ग्रंथालयांच्या परंपरेत वाढलेल्या इथल्या मराठी घरांना रहस्यकथा नवी नव्हती, आणि बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार किंवा काळा पहाड ज्याने वाचले आहेत त्याला टेम्पलर पाहताक्षणी ओळखीचा वाटेल. पोलिसांना चकवा देणारा, पण दुर्जनांचा काळ ठरणारा नायक मराठी वाचकानेही मनापासून आपलासा केला होता. फरक हा, की आपण त्याला पुस्तकाच्या पानांत ठेवले आणि शहराच्या मध्यभागी सूरसागराच्या काठी न्यायमंदिर उभे राहिले.

आता चित्रपटाचा शेवट सांगणे भाग आहे, कारण त्याच्याशिवाय या चित्रपटाचे मोल कळत नाही. टोळ्यांचा अदृश्य सूत्रधार, ज्याला सगळे ‘बिग फेलो’ म्हणतात, तो कोण, हे टेम्पलर शोधत असतो. फे एडवर्ड्स ही स्त्री, केई सटन यांनी संयमाने रंगवलेली, त्याला वेळोवेळी सावध करते. मात्र ते नाव सांगत नाही. अखेर उलगडा होतो तो असा, की यादी हाती देणारे व्हॅलक्रॉस हेच तो सूत्रधार आहेत. आपल्याच वाटेकऱ्यांचा काटा त्यांना परस्पर काढायचा होता. या उलगड्यात व्हॅलक्रॉस संपतो आणि फेही प्राणाला मुकते.

या वळणामुळे मागचे प्रत्येक दृश्य बदलते. कायदा अपुरा आहे म्हणून बाहेरचा मारेकरी आणा, असे आग्रहाने सांगणारा सभ्य माणूसच सर्वांत मोठा गुन्हेगार निघतो, आणि टेम्पलर जितका धाडसी वाटत होता तितकाच तो वापरला गेलेला दिसू लागतो. ज्याला आपण ७० मिनिटे टाळ्या देत होतो, त्याच्या प्रत्येक गोळीने एका लुटारूचा वाटा वाढत होता. फर्नॅकची अस्वस्थताही मग नव्याने समजते. जीव वाचवणाऱ्याचे उपकार मानावेत की त्याला बेड्या घालाव्यात, हे त्याला ठरवता येत नाही, आणि जोनाथन हेल यांनी ती कोंडी फारसे न बोलता, नजरेतून आणि खांद्यांच्या ओझ्यातून दाखवली आहे.

पुढच्या चित्रपटांत ही कोंडी सैल होत गेली. सेंट अधिकाधिक विनोदी आणि निरुपद्रवी झाला, यादी देणाऱ्याचा हेतू तपासण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली. हेवर्ड स्वतः १९५३ मध्ये पुन्हा ही भूमिका करण्यासाठी परतले. पण १९३८ च्या त्या पहिल्या चित्रपटात त्यांना जे कथानक लाभले होते, त्याचा तीक्ष्णपणा त्यांना दुसऱ्यांदा मिळाला नाही.