डब्यातले सात कागद

(दृश्य: सदाशिव पेठ. लाकडी जिना. फोटोची मागची बाजू, जवळून.)

फोटो काचेला चिकटला आणि ओल लागून आजीचा चेहरा गेला. मागची बाजू मात्र शाबूत आहे. स्टुडिओचा शिक्का, आणि खाली पेन्सिलीने लिहिलेला नंबर: 2316.

"काका, याची दुसरी कॉपी निघेल का?" फोटो घेऊन आलेल्या ताई विचारतात.

स्टुडिओवाले काका उत्तर देत नाहीत. रजिस्टर काढतात. साल 1979. नंबर, नाव, साइज, ॲडव्हान्स. शेवटच्या रकान्यात 'बाकी 2 रुपये', आणि ते काका मोठ्याने वाचून दाखवतात. पुण्यात आहोत आपण.

(दृश्य: निगेटिव्हचे खोके.)

चित्रपटांची रिळं जपायला याच शहरात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. लग्नामुंजीच्या निगेटिव्हच्या नशिबी मात्र माळा, नाहीतर रद्दीवाला. काकांनी एकही टाकलेली नाही.

ही 2316. एकशेवीस नंबरच्या रुंद फिल्मच्या रोलवरची, एका रोलमध्ये बाराच फोटो. तिरप्या उजेडात धरली की गालावर बारीक रेघा दिसतात. ओरखडे नाहीत ते, टचिंग आहे. निगेटिव्हमध्ये सुरकुतीची सावली पारदर्शक उमटते. तिथे टोकदार पेन्सिलीने हलकेच भरायचं, म्हणजे कागदावर ती जागा उजळ येते. भिंग लावून, श्वास रोखून. एका चेहऱ्याला कधी अर्धा तास, कधी अख्खी संध्याकाळ. आजींचं वय किती कमी करायचं, हेही काकाच ठरवायचे.

(दृश्य: दोन पडदे. लाल दिवा.)

डार्करूम म्हणजे मागची मोरी. कृष्णधवल कागदाला लाल उजेड दिसत नाही, म्हणून हा दिवा. आपल्याला दिसायला लागायला पाच मिनिटं जातात. आम्ही हे डिजिटल कॅमेऱ्यावर टिपलंय, त्यामुळे पडद्यावर थोडी रवाळ गडबड दिसेल. ती आमची, काकांची नाही.

डब्यात फोटो छापायचे सात कागद आहेत. मुदत केव्हाच संपलेली. एक कापून पट्ट्या करायच्या आणि उजेड देऊन बघायचा: चार सेकंद, आठ, बारा. आठची पट्टी पसंत पडते. मग एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, अख्खा कागद, आणि उजेड चालू असताना काकांचा हात मध्येच हलतो. चेहऱ्यावर क्षणभर सावली धरली की चेहरा काळवंडत नाही. हात स्थिर ठेवला तर सावलीची कड उमटते, म्हणून तो सतत हलता.

डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं द्रावण, वीस अंशांना लागतो. मे महिन्यात ट्रेखाली बर्फाचं पाणी. कागद बुडतो. ट्रेचा एक कोपरा उचलायचा, सोडायचा. उचलायचा, सोडायचा.

(दृश्य: ट्रे. इथे निवेदन वीस सेकंद थांबेल.)

मग पाणी, मग चित्र पक्कं करणारं द्रावण, हायपो. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते. ती काढण्यासाठी हायपो विकत नेणारे लोक पूर्वी दारावर यायचे.

कागद हायपोत आहे तोवर बाकीची गोष्ट सांगून टाकू. 1975 साली अमेरिकेत कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र 0.01 मेगापिक्सेलचं, आणि ते कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. कंपनीने तो बाजूला ठेवला. इकडे रंगीत लॅब आल्या, छत्तीसच्या रोलमधून कंजूषपणे सदतिसावा फोटो काढणारे लग्नाचे फोटोग्राफर आले. मग डिजिटल आलं. उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' फिल्म गेली, 2012 च्या जानेवारीत खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, गल्लोगल्लीच्या लॅब मिटल्या आणि मशीनवरची मुलं मिळेल त्या कामाला लागली.

(दृश्य: पांढरा दिवा लागतो. नळाखाली फोटो.)

आता उजेड चालतो. आजी नऊवारीत, हात मांडीवर, नजर कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे. तिथे तेव्हा काका उभे असणार.

कागद अजून पाण्यातच आहे. ताईंनी मोबाइल काढला, वरून फोटो घेतला आणि भावाला पाठवलाही.

"अहो, वाळू तरी द्या," काका म्हणतात, आणि डब्यात उरलेले पाच कागद पुन्हा काळ्या पाकिटात गुंडाळतात.