पाडव्याच्या आत

[दृश्य: धाब्याच्या घराचं मागचं दार उघडतं. वीस फूट रुंद, तीस फूट लांब परस. कडेला शेवगा, कोपऱ्यात केळीचं बेट, भिंतीलगत कुंड्या.]

माघी पौर्णिमा झाली की खान्देशातल्या परसाला घाई सुटते. पहाटे अजून गोधडी सोडवत नाही, पण दुपारी फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो, एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंश हे नेहमीचंच. म्हणजे आपल्या वाट्याचा वसंत दीड महिन्याचा, माघी पौर्णिमेपासून गुढीपाडव्यापर्यंत. एवढ्या दिवसांत वेलाचं मूळ हातभर खोल गेलं, तर वैशाखातही वेल तग धरतो. नाही गेलं, तर मग वरून बादल्या ओतून भागत नाही.

म्हणून फुलांकडे नंतर बघू. आधी माती.

[दृश्य: कुंडीत तांब्याने पाणी घातलं जातं. लगेच खालून धार लागते.]

ही कुंडी नीट बघा. तांब्याभर पाणी घातलं आणि दहा सेकंदांत ते खालच्या भोकातून बाहेर आलं. वाटतं, झाड पोटभर प्यायलं. आता झाड मातीसकट उचलून काढलं, तर मधला गोळा कोरडा ठणठणीत. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात, कुंडीत ती कडा सोडते. पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं. मूळ मात्र तहानलेलंच.

तात्पुरता इलाज सोपा आहे. कुंडी पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्यायची, साधारण अर्धा तास. कायमचा इलाज म्हणजे माती बदलणं. काळी माती एक भाग, चाळलेलं शेणखत एक भाग आणि नदीची जाडसर रेती एक भाग. बारीक रेती नको, ती काळ्या मातीत मिसळली की गोळा आणखी घट्ट होतो. शेणखत किमान सहा महिने मुरलेलं हवं. ओलं शेण घातलं की त्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, होते आणि कुंडीतली मुळं कुरतडली गेल्याचं झाड कोलमडल्यावरच कळतं. कुंड्या बदलायच्या त्या फेब्रुवारीत. पाडव्यानंतर मुळांना हात लावू नये.

[दृश्य: जमिनीत खड्डा. बाजूला मातीचा माठ.]

आता वेलांची तयारी. गिलकं, दोडका, कारलं, दुधी यांची उन्हाळी लावण याच दिवसांत करायची. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात या वेलांना जमिनीत पुरलेला, पाण्याने भरलेला माठ फार उपयोगी पडतो. त्यातून पाणी हळूहळू मुळांशी झिरपत राहतं.

पाच-सहा लिटरचा, आतून-बाहेरून झिलई नसलेला माठ घ्या. दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा करा. माठ आत ठेवून चारी बाजूंनी खत-रेती मिसळलेली भुसभुशीत माती दाबून भरा, तोंड जमिनीच्या दोन बोटं वर राहू द्या. इथे नुसती काळी माती भरली तर कुंडीत झालं तेच होतं, वाळल्यावर ती माठाला सोडून मागे सरकते. माती माठाला चिकटलेली असेल तरच ओलावा पुढे सरकतो. तोंडावर ताटली हवी. नाहीतर पाणी उडून जातं आणि डासांची सोय होते.

घरातला जुना पिण्याचा माठ यासाठी पुरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. ओळखायची खूण घरात सगळ्यांना ठाऊक आहे. जो माठ पाणी गार करत नाही, तो झिरपतही नाही आणि मुळांपर्यंत पाणीही पोचवत नाही. शंका असेल तर भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर नसेल तर तो धान्य ठेवायला बरा.

बिया माठापासून टीचभर अंतरावर, चार जागी. कारल्याच्या बीचं कवच टणक असतं. बी दिवसभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, मोड फुटला की लावायचं. गिलक्याच्या काळ्या बीला एक रात्र पुरते. खोली बोटाच्या एका पेराएवढी. पहिले पंधरा दिवस वरूनही थोडं पाणी द्यावं लागतं, कारण कोवळं मूळ अजून माठाच्या ओलीपर्यंत गेलेलं नसतं. माठ आहे म्हणून वरचं पाणी पहिल्या दिवसापासून बंद केलं, की रोपं दुसऱ्या पानावरच माना टाकतात.

[दृश्य: दोन पानांचं रोप, पानाला गोल भोकं. नारिंगी-लाल भुंगेरा.]

दुसरा धोका हा, लाल भुंगेरा. तो कोवळ्या दळदार पानांची चाळण करतो. रोप चार-पाच पानांचं झालं की त्याचा फारसा त्रास राहत नाही, म्हणून झुंज आहे ती पहिल्या तीन आठवड्यांची. सकाळी सहाच्या सुमाराला भुंगेरे गारठलेले, मंद असतात. तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे. दुपारी धरायला गेलात तर उडून जातात. पानांवर दव असताना चुलीची चाळलेली राख भुरभुरली तरी ते जरा लांब राहतात.

वेल चढवायला आपल्या भागात पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची, कमी नाही. कपाशी उपटून झालेली असते, बांधावर ढीग पडलेले असतात. पण परसात आणण्याआधी प्रत्येक काडीवरची वाळकी, न उमललेली बोंडं तोडून जाळा. त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहिलेली असते.

[दृश्य: पहाटेचा उजेड. गिलक्याची पिवळी फुलं.]

मार्चअखेर वेल मांडवावर जातो, फुलांनी पिवळा होतो, आणि तक्रार सुरू होते: फुलं भरपूर, फळ एकही नाही. किंवा बोटाएवढं फळ दिसतं, पिवळं पडतं, गळून जातं. खत कमी पडलं असं समजून लोक आणखी युरिया टाकतात. त्याने वेल नुसता पाला वाढवतो.

खरं कारण जवळून बघितल्यावर कळतं. हे फूल नराचं. मागे नुसता देठ. अशी फुलं झुपक्यात येतात आणि आधी येतात, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस फळ न धरणं साहजिकच आहे. आणि हे मादीचं, एकेकटं. पाकळ्यांच्या मागे इवलंसं गिलकं तयारच आहे. त्याला पराग मिळाला तर ते वाढेल, नाही मिळाला तर चार दिवसांत पिवळं. ऊन वाढेल तशी नरफुलं जास्त आणि मादीफुलं कमी होतात. त्यात मधमाश्या आल्या नाहीत तर काम आपल्यालाच करावं लागतं.

नराचं ताजं फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, मधला परागाचा भाग मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. एका नरफुलावर दोन मादीफुलं भागतात. वेळ चुकवू नका. गिलकं पहाटे उमलतं, आठच्या आत हात फिरवायचा. दहाच्या उन्हात पराग वाळून जातो. कारलं आणि काकडीही सकाळचीच. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी पाचनंतर उमलतात. सकाळी उठून दोडक्याच्या मिटलेल्या फुलांशी खटपट करणारे कमी नाहीत.

शेंडा खुडून फांद्यांवर फांद्या काढण्याचा, ज्याला थ्री-जी कटिंग म्हणतात, त्याचा व्हिडिओंत बराच बोलबाला आहे. दुधीला त्याने मादीफुलं वाढतात, हे खरं. पण इथे ते मार्चच्या मध्यापर्यंतच करावं. नंतर खुडलं तर कोवळे फुटवे थेट चाळीस अंशांत येतात आणि करपतात.

फळ धरलं की फळमाशी येते. वाकडं झालेलं, एका बाजूला खड्डा पडलेलं गिलकं कापलं तर आत अळ्या. अशी फळं उकिरड्यावर टाकू नका, अळ्या तिथल्या मातीत जाऊन पुन्हा माश्या होतात. पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, मग खतात टाका. चांगल्या फळांना मात्र बोटभर असतानाच वर्तमानपत्राची पुंगळी बांधायची. खर्च काही नाही.

[दृश्य: वांग्याची वाफ्यातली झाडं. उंच, खालून निबर.]

आता वांगी. बामणोद, आसोदा, भादलीकडची हिरवट-पांढरी भरताची वांगी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या भरताचे दिवस थंडीचे, ते आता सरत आले. पण झाडं उपटायची घाई नको. आधी बी धरा. रोग नसलेल्या झाडावरचं एक डौलदार वांगं झाडावरच पूर्ण पिवळं होऊ द्या. मग कापून बिया पाण्यात चोळा, तरंगतील त्या फेका, बुडतील त्या सावलीत चार-पाच दिवस वाळवून राखेत ठेवा. शेजारी दुसऱ्या जातीची वांगी असतील तर मधमाश्या भेसळ करतात, म्हणून बियाण्याचं फूल कळीतच मलमलीच्या पुरचुंडीत बांधलेलं बरं.

बाकीची निरोगी झाडं जमिनीपासून फूटभरावर तिरकी छाटा आणि प्रत्येकाला एक टोपली शेणखत द्या. तीन आठवड्यांत नवा फुटवा येतो. ज्या झाडाची पानं बारीक होऊन झुपका झालाय, त्याला पर्णगुच्छ झालेला आहे. ते छाटून सुधारत नाही. तुडतुडे तो रोग शेजारच्या झाडांवर नेतात, तेव्हा ते उपटलंच पाहिजे. आणि शेंडा माना टाकून लोंबत असेल तर आत शेंडेअळी आहे. दोन बोटं खालून कापून काढा. फवारणीपेक्षा ही कात्री आधी.

टोमॅटोचं फार मनावर घेऊ नये. पारा ३५ च्या पुढे गेला की फुलं गळतात, त्याला औषध नाही. आहेत ती फळं उतरवा आणि जागा पोकळ्याला, चवळीला द्या. पालक-मेथीही आता तुऱ्यावर येणारच. मिरचीची पानं वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची बारीक कीड, हे ओळखून मग हात चालवावा. दोन्हींसाठी पहिली फवारणी निंबोळी अर्काची चालते. एका लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भरड फडक्यात बांधून रात्रभर भिजवायची, सकाळी पिळायची, चिमूटभर धुण्याची पावडर मिसळायची, आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारायची. गच्चीवर कुरडया आणि बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत असतील त्या दिवशी मात्र पंप बाजूलाच राहू द्या.

कुरडयांवरून आठवलं. गव्हाचा चीक काढल्यावर उरलेलं आंबलेलं पाणी कुंड्यांत ओतायची पद्धत आहे. तसंच ओतलं तर वास सुटतो आणि चिलटं घोंगावतात. दहापट पाणी घालून मोठ्या झाडांना द्या, चोथा खताच्या खड्ड्यात.

[दृश्य: लिंबाची कोवळी फांदी. पानं पिवळी, शिरा हिरव्या.]

लिंबाच्या नव्या पालवीचा हा रंग आपल्याकडे घरोघरी दिसतो. पान पिवळं, शिरा हिरव्या. जमिनीत लोह नसतं असं नाही. चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात ते झाडाला घेता येत नाही. एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवून संध्याकाळी पालवीवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली तर बोट लावून बघा, ती हलली तर अळी आहे. कढीपत्त्यावरही तीच येते. पाणी खोडाशी नको, फांद्यांची सावली जिथे संपते तिथे आळं करून द्या.

केळीला आता बुंध्याशी फुटलेली जादा पिलं कापा, एकच ठेवा. घड निसवला, म्हणजे बाहेर पडला, असेल तर त्यावर वाळक्या पानांचं छप्पर, आणि उन्हाळी वाऱ्याआधी बांबूचा टेकू. मोगरा जानेवारीत छाटला असेल तर कळ्या दिसू लागतील. राहून गेला असेल तर फक्त वाळक्या काड्या काढा.

[दृश्य: हिरवी जाळी ताणली जाते. खाली कडुनिंबाच्या पिवळ्या पानांचा थर.]

पाडव्याच्या आसपास जाळी. पन्नास टक्के सावलीची, डोक्याच्या वर, जमिनीपासून सात फुटांवर, आणि पश्चिमेच्या बाजूला खाली ओढलेली. दुपारी तीननंतरचं ऊन आणि तापलेली भिंत यांनीच जास्त झाडं जातात. जाळी झाडांना टेकली तर उलट पानं भाजतात.

जमिनीवर आच्छादन हवं. कडुनिंब याच दिवसांत पानं टाकतो, गव्हाची मळणी झालेली असते. पाला आणि भुसा मिळून चार बोटं जाडीचा थर द्या. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, कारण कोरड्या थराखाली वाळवी येते आणि सालीवर चढते. थर घालायच्या आधी भरपूर पाणी द्या. कोरड्या मातीवर घातलेला भुसा हलकं पाणी स्वतःच पिऊन टाकतो.

मार्चमध्ये माठ तीन दिवसांनी भरावा लागतो, मेमध्ये जवळजवळ रोज. ताटली उचलून बघायची, अर्ध्याच्या खाली गेला की भरायचा.

[दृश्य: कुंभाराच्या ओट्यावर रांगेने घागरी आणि माठ.]

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, घागरींसाठी कुंभाराकडे गर्दी होते. ती ओसरली की एखादा वाकडा, एखादा टेकता न येणारा माठ मागे उरतो. पुढच्या माघासाठी तोच घ्या, जमिनीत पुरल्यावर वाकडेपण कोणाला दिसणार आहे? फक्त हातात धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणला तर घ्या. भदभदला तर कुठेतरी चीर आहे, परत ठेवा.