सिग्नलवर बंद पडणारी गाडी आणि फ्लायओव्हरवर बंद पडणारी गाडी

आधी एक विचारतो. गाडी स्लोवर, म्हणजे रेसवरून पाय काढल्यावर, चालू राहीनाशी झाली की सगळ्यात पहिल्यांदा कार्बोरेटरचा, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा, स्क्रू कोणी कोणी फिरवलाय? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच. मीही फिरवलाय, बरीच वर्षं. आज मला एवढंच सांगायचंय की तो स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा, आणि त्याच्या आधी गाडीला दोन प्रश्न विचारायचे, की तू बंद कुठे पडतेस आणि कधी पडतेस.

हे आत्ता का बोलायचं तर सांगतो. माझे बाबा पद्मिनी चालवायचे, काळी-पिवळी. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी संपली. गाड्या गेल्या तसं त्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्रीही पांगले. पूर्वी टॅक्सी स्टँडच्या बाजूलाच कोणीतरी बसलेला असायचा, बॉनेट न उघडता नुसता आवाज ऐकून सांगायचा "स्लो जेटमध्ये कचरा आहे", म्हणजे स्लोला पेट्रोल सोडणारं बारीक भोक बुजलंय. तो कान आता मिळत नाही, आणि ज्यांच्याकडे पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर नाहीतर कार्बोरेटरवाली मारुती ८०० अजून आहे त्यांना हे स्वतःलाच शिकावं लागणार आहे. कान नसला तरी चालतं, पद्धत असली की भागतं.

तर दोन गाड्या डोळ्यासमोर आणा. एक गाडी पेडर रोडने मस्त येते, केम्प्स कॉर्नरचा पूल चढून उतरते, आणि खाली सिग्नलला थांबली की धड धड धड करत बंद. रेस दिली की ठीक, पाय काढला की मेली. दुसरी गाडी सिग्नलला तासभर उभी करा, घड्याळासारखी चालेल, पण लालबागच्या फ्लायओव्हरवर तिसऱ्या गिअरमध्ये चढायला लागली की झटके मारते, मग बंद, मग दोन-तीन मिनिटं थांबून स्टार्टर मारला की पुन्हा काहीच झालं नाही अशी चालते. या दोन्ही गाड्यांना लोक एकच वाक्य लावतात, "कार्बोरेटरचा प्रॉब्लेम आहे". दोन्हीचा आजार एकदम वेगळा आहे.

पहिलीला पेट्रोल मिळतंय, भरपूर मिळतंय, नाहीतर ती पूल चढलीच नसती. तिचा बिघाड स्लोच्या वाटेत आहे. दुसरीच्या कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीत, म्हणजे पेट्रोल साठतं त्या छोट्या भांड्यात, पेट्रोल वेळेवर पोचत नाही, वाटी रिकामी होते, थांबलात की भरते. म्हणून दोन-तीन मिनिटांनी चालते. तिचा बिघाड टाकीपासून फ्लोटच्या पिनपर्यंतच्या, म्हणजे वाटीच्या तोंडाशी असलेल्या झडपेपर्यंतच्या, रस्त्यात कुठेतरी आहे.

आता पहिली घेऊ. इथेही कार्बोरेटरला लगेच हात लावायचा नाही. आधी करंट, म्हणजे ठिणगी नीट पडतेय का. पॉइंट, म्हणजे ठिणगीचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं, जळलेले आहेत का, गॅप बरोबर आहे का, पॉइंट जळू न देणारा कंडेन्सर ठीक आहे का, प्लग काढून बघा. काळे, कोरड्या काजळीचे असतील तर पेट्रोल जास्त जळतंय, पांढरे फट्ट असतील तर हवा जास्त आहे. मग इंजिन चालू ठेवून इन्सुलेशनच्या पक्कडीने एकेक प्लगची वायर काढा आणि ती लगेच बॉडीला टेकवा. तीन वायरी काढल्यावर आवाज पडतो आणि चौथी काढून काहीच फरक पडत नाही, तर तो सिलिंडर मुळातच काम करत नाहीये. प्लग असेल, व्हॉल्व असेल, टॅपेट टाइट असेल, पण एका सिलिंडरचा दोष कार्बोरेटर करत नाही, कारण तो चौघांना एकाच वाटीतून वाढतो. हे लक्षात ठेवलंत तरी निम्मे पैसे वाचतील.

करंट ठीक निघाला की मग माझी आवडती टेस्ट, जिला एक पैसा लागत नाही. इंजिन गरम करा, खराब स्लोवर चालू दे, आणि चोक, म्हणजे आत जाणारी हवा कमी करणारी झडप, अगदी थोडा ओढा. गाडी सुधारली, तर तिला हवा जास्त किंवा पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली, धूर आला, तर उलट, आधीच पेट्रोल जास्त आहे. एवढ्याशा हालचालीने अर्धे संशयित बाहेर.

सुधारली असेल तर पहिला संशय बाहेरून आत शिरणाऱ्या हवेवर. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड, म्हणजे मिश्रण इंजिनात नेणारा पाईप, यांच्या मध्ये जाड काळा बेकेलाइटचा तुकडा असतो, त्याच्या दोन्ही बाजूला पॅकिंग. तो उष्णता वर जाऊ नये म्हणून आहे, लोक काढून टाकतात, काढू नका. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारा व्हॅक्यूमचा पाईप, त्याची टोकं, मॅनिफोल्डचं पॅकिंग, थ्रॉटलची, म्हणजे रेस दिल्यावर उघडणाऱ्या झडपेची, दांडी घासून ढिली झालीय का, हे सगळं. शोधायला साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत घ्या आणि एकेका जोडावर थोडं थोडं मारा. जिथे मारल्यावर क्षणभर आवाज बदलतो तिथे गळती. काही गॅरेजवाले तिथे पेट्रोल नाहीतर क्लीनर मारतात, गरम इंजिनवर, वायरींच्या शेजारी. हात जोडून सांगतो, करू नका, त्याने गाड्या पेटतात.

माझ्याच गाडीचं सांगतो. १९८७ ची पद्मिनी, रोज सिग्नलला मरायची. पॅकिंग तीन वेळा बदललं, महिनाभर बरी, मग परत तेच. शेवटी एका रविवारी कार्बोरेटर उतरवला, खालचा बूड रॉकेलने धुतला, आणि त्याच्यावर शाळेतली स्टीलची पट्टी उभी धरून मागे टॉर्च लावला. दोन्ही कानांपाशी, म्हणजे जिथे नट बसतात तिथे पट्टी टेकलेली, आणि मधे प्रकाशाची बारीक रेघ. इतक्या वर्षांत ज्याने ज्याने तो बसवला त्याने पाना आवळून आवळून नट बसवले होते, मऊ धातूचा तो बूड वाकून धनुष्यासारखा झाला होता. काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून आठाच्या आकारात घासला, रेघ गेली, नवीन पॅकिंग, नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले, आणि गाडी सिग्नलला उभी राहिली. स्क्रूला हातही लावला नाही.

हवा कुठूनच शिरत नसेल तर मग स्लो जेट. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरच्या जेटवर जो नंबर असतो तो मिलिमीटरचा शंभरावा भाग असतो, म्हणजे ४५ लिहिलंय तर भोक ०.४५ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. टाकीतला गंजाचा एक कण पुरेसा आहे. आणि तो काढायला लोक काय घालतात, तार! पितळ मऊ असतं हो. भोकाचा व्यास १० टक्के वाढला की क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं, म्हणजे कायमचं पेट्रोल जास्त. जेट क्लीनरमध्ये भिजवा आणि हवेच्या पाईपने फुंका, उजेडाकडे धरून बघा, गोल ठिपका दिसला पाहिजे. मारुती ८०० वाल्यांनी त्याच्या आधी एक करा, इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन करा आणि कार्बोरेटरवरच्या सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेचा, "टक्" ऐका. तो वाजला नाही तर स्लोचं पेट्रोल तिथेच अडतंय, बहुतेक वेळा नुसती वायर निघालेली असते.

आता तो स्क्रू. इंजिन गरम, चालू, आणि मिक्श्चरचा, म्हणजे स्लोच्या पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू हळूहळू पूर्ण आत घ्या, टेकला की थांबायचं, आवळायचा नाही, नाहीतर टोकावर वळ पडतो आणि मग तो कधीच नीट सेट होत नाही. आत घेताना इंजिन बंद पडलं पाहिजे. हे फार महत्त्वाचं आहे. पडलं नाही, काहीच फरक नाही, म्हणजे इंजिन स्लोच्या वाटेने पेट्रोल पितच नाहीये. कोणीतरी रेसचा स्क्रू आवळून आवळून थ्रॉटल इतका उघडा ठेवलाय की वरच्या भोकांतून पेट्रोल ओढलं जातंय, किंवा वाटीतली पातळी वर आहे. मग आधी रेसचा स्क्रू मागे घ्या. बंद पडतंय तर स्क्रू परत उघडून साधारण दीड फेऱ्यावर आणा आणि आत-बाहेर करत इंजिन जिथे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात गोड चालतं तिथे सोडा, मग रेस खाली आणा, मग पुन्हा मिक्श्चर. दोन-तीनदा. साडेसातशे ते नऊशे आरपीएमच्या मधे, गाडीप्रमाणे, हे नीट बसतं. बाइकवाल्यांना एक सांगून ठेवतो, काही बाइकच्या कार्बोरेटरला तो स्क्रू हवेचा असतो, तिथे बाहेर काढला की पेट्रोल कमी होतं, गाडीच्या उलट.

आता दुसरी गाडी, फ्लायओव्हरवाली. हिला गॅरेजमध्ये उभी करून काही कळणार नाही, कारण उभी असताना ती आजारी नसतेच.

पहिलं, ती बंद पडली की टाकीचं झाकण उघडा आणि ऐका. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल जातंय पण त्याच्या जागी हवा येत नाही, पंप ओढून ओढून थकतो.

तसं नसेल तर कार्बोरेटरला येणारी नळी काढून काचेच्या बाटलीत सोडा. त्याआधी कॉइलची मधली वायर काढून बॉडीला टेकवा, ठिणगी नको, आजूबाजूला सिगरेट नको. आता कोणालातरी स्टार्टर मारायला सांगा. प्रत्येक ठोक्याला जाड, भरलेली पिचकारी यायला हवी. बुडबुडे येतायत का, ते नीट बघा. मग ती बाटली दहा मिनिटं खिडकीत ठेवा. तळाशी पाण्याची वेगळी थेंबं किंवा थर दिसला तर टाकी उतरवायची, तिथे दुसरं काही करण्यात अर्थ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत हे मी अनेकदा बघितलंय.

पिचकारी कमजोर असेल तर पंप की टाकी, हे ठरवायला पंपाकडे येणारी नळी काढून पंपाला एक छोटी नळी लावा आणि ती पेट्रोलच्या डब्यात बुडवा. आता जोरात आलं तर पंप चांगला, दोष मागे, टाकीतली जाळी, फिल्टर, पाईप. तरी कमजोर तर डायाफ्राम, म्हणजे पंपातला लवचिक पडदा, किंवा पंपाचे व्हॉल्व. डायाफ्राम फाटलाय का बघायला इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइल पातळ, पेट्रोलचा वास, पातळी वाढलेली, असं असेल तर गाडी अजिबात चालवू नका, पंप आणि ऑइल दोन्ही बदला, बेअरिंग जातील.

आणि आता ती गोष्ट जी मला फार उशिरा कळली. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. म्हणून तिथे रबराला बारीक चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, उलट हवा आत जाते. जमीन कोरडी, वास नाही, आणि गाडी उपाशी. एका गॅरेजने मला नवीन पंप आणि नवीन कार्बोरेटर लावायला लावला होता, गाडी तशीच. शेवटी टाकीजवळच्या, बोटाएवढ्या रबरी तुकड्यात क्लिपच्या खाली चीर निघाली. वाकवल्याशिवाय दिसतच नव्हती. बोटाने वाकवली तेव्हा ओठासारखी उघडली. त्यावेळी बाबा होते, ते फक्त म्हणाले, "आधी नळ्या बघायच्या असतात रे."

मे महिन्यातली गाडी, ट्रॅफिकमध्ये तास काढून मरणारी, ती थोडी वेगळी. पंप इंजिनलाच बसवलेला, त्यात ओढीने दाब कमी झालेला, पेट्रोल नळीतच उकळून वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते शंभर टक्के बरोबर होतं. कायमचा उपाय म्हणजे नळी सायलेन्सरच्या पाईपपासून लांब न्या आणि कूलिंग सुधारा. आणि गरम गाडी बंद करून पाच-दहा मिनिटांनी लागत नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर पंप करू नका, वाटीतलं पेट्रोल उकळून आधीच मॅनिफोल्डमध्ये उतरलेलं असतं. पाय हळू पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा, हवा जाऊ दे.

कोणीतरी मागून विचारलं, इथेनॉलचं काय. बरं झालं विचारलंत. २०२५ पासून आपल्याकडे बहुतेक सगळीकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. तीन गोष्टी होतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी उतरतात. जुनं रबर फुगतं, मऊ होतं, त्याचे काळे कण जेटपर्यंत येतात. आणि तिसरं म्हणजे नुसत्या पेट्रोलला जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने वाढतो, म्हणून इंजिन थोडं उपाशी चालतं, आणि ते सगळ्यात आधी स्लोवर जाणवतं. तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या, साधी पाण्याची नळी चालत नाही, डायाफ्रामही तसाच मागा. मिक्श्चर पाव-अर्धा फेरा जास्त उघडावा लागेल. आणि गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

पार्ट कुठे मिळतात तर ऑपेरा हाऊसला अजून काही दुकानांत विचारा, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने कार्बोरेटर मिळतात, पण घेताना थ्रॉटलची दांडी हलवून बघा आणि एक स्टीलची पट्टी खिशात ठेवा.

बाकीचं खाली जाऊन बोलू, गाडी गेटपाशी उभी आहे, बॉनेट उघडं ठेवलंय. व्हॅक्यूमचा पाईप मी मुद्दाम अर्धवट काढून ठेवलाय. साबणाच्या पाण्याची बाटली बॅटरीच्या बाजूला आहे, ज्याला आधी सापडेल त्याने बसवून टाकायचा.